विश्लेषण : फाइल आपोआप गेली, पण पोहोचली का?

एका संगणकावरची माहिती दुसऱ्या संगणकावर आपोआप जावी, यासाठी लोकल आणि शेअर्ड फोल्डरची जोडणी आज लॅबपासून सीएच्या कार्यालयापर्यंत सगळीकडे दिसते. ही व्यवस्था बिघडली तरी बहुतेक वेळा कोणाला कळत नाही, हा तिचा सर्वात मोठा दोष. तो टाळण्यासाठी फोल्डरची मांडणी कशी असावी, परवानग्या कोणाला द्याव्यात आणि माहिती खरोखर पोहोचली हे कसे तपासावे, याविषयी...

ब्रिटनमध्ये १५,८४१ रुग्ण कसे गळाले?

सप्टेंबर २०२०च्या अखेरीस ब्रिटनमध्ये करोनाची दुसरी लाट चढत होती. खासगी प्रयोगशाळा चाचण्यांचे निकाल सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराच्या यादीच्या स्वरूपात पाठवत. ‘पब्लिक हेल्थ इंग्लंड’ या सरकारी यंत्रणेकडे या याद्या आपोआप उचलल्या जात, एक्सेलच्या ठरावीक साच्यात भरल्या जात आणि तेथून मध्यवर्ती प्रणालीत जात. घोळ या साच्यात होता. तो एक्सेलच्या एक्सएलएस या जुन्या प्रकारातला होता. या प्रकारात एका शीटवर ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. एका चाचणीच्या निकालाला अनेक ओळी लागत, त्यामुळे एका साच्यात साधारण १,४०० रुग्णच बसत. त्यापुढचे रुग्ण सरळ गळून पडत.

२५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळात अशा १५,८४१ बाधितांची नोंद राहून गेली. त्यांना स्वतःचा निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधणाऱ्या पथकांपर्यंत त्यांची माहिती वेळेत पोहोचलीच नाही. या विलंबामुळे सुमारे सव्वा लाख जणांना जास्तीचा संसर्ग झाला आणि सुमारे १,५०० जास्तीचे मृत्यू झाले, असा अंदाज थीमो फेट्झर आणि थॉमस ग्रेबर या अर्थशास्त्रज्ञांनी नंतरच्या अभ्यासात मांडला.

यात कोणी हॅकर नव्हता आणि यंत्रही बंद पडले नव्हते. फाइल निघत होत्या, पोहोचत होत्या, उघडतही होत्या. फक्त ‘किती पाठवले आणि किती मिळाले’ हा हिशेब कोणी जुळवत नव्हते. आपल्याकडच्या लहान कार्यालयांतही नेमकी हीच गोष्ट राहून जाते.

लोकल आणि शेअर्ड फोल्डरमध्ये फरक काय?

लोकल फोल्डर म्हणजे समोरच्या संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवरचा फोल्डर. नेटवर्कची वायर निघाली किंवा वाय-फाय गेले, तरी तो उघडतो. शेअर्ड फोल्डर दुसऱ्या संगणकावर, सर्व्हरवर किंवा ‘नॅस’ नावाच्या, नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीत असतो. त्याच्यापर्यंत पोहोचायला वायर, राउटर, पासवर्ड आणि समोरचा संगणक सुरू असणे, या चारही गोष्टी एकाच वेळी जागेवर लागतात. पडद्यावर मात्र दोन्ही फोल्डर सारखेच पिवळे दिसतात. म्हणून हा फरक सहसा अडचण आल्यावरच लक्षात येतो.

विंडोजमधील शेअर्ड फोल्डर ‘एसएमबी’ या पद्धतीने चालतात. १९८०च्या दशकात आयबीएममध्ये तिचा जन्म झाला आणि पुढे मायक्रोसॉफ्टने ती वाढवली. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी ‘सांबा’ हे मोफत सॉफ्टवेअर १९९२ मध्ये आणले. त्यामुळे विंडोज नसलेले संगणकही हीच भाषा बोलू लागले. आज बाजारातल्या बहुतेक नॅसच्या पोटात सांबाच असते.

यंत्राने थेट शेअर्ड फोल्डरमध्येच फाइल का टाकू नये?

समजा, तालुक्याच्या गावात एक पॅथॉलॉजी लॅब आहे. रक्त तपासणारे यंत्र आणि त्याला जोडलेला संगणक मागच्या खोलीत आहे. रिपोर्ट छापणारा मुख्य संगणक पुढे काउंटरवर आहे. निकालाची फाइल कुठे ठेवायची, एवढेच यंत्राचे सॉफ्टवेअर विचारते. बसवायला आलेला तंत्रज्ञ काउंटरवरच्या संगणकाचा शेअर्ड फोल्डर दाखवून मोकळा होतो. दोन महिने सगळे सुरळीत चालते.

मग एका दुपारी वीज जाते. दोन्ही संगणक यूपीएसवर असतात, म्हणून ते सुरू राहतात. राउटरला यूपीएस द्यायचे मात्र कोणाच्या डोक्यातच आलेले नसते. मागच्या खोलीत यंत्र नमुने तपासत राहते, निकाल लिहायला जाते आणि जागा सापडत नाही. अशा वेळी काही सॉफ्टवेअर पुन्हा प्रयत्न करतात, काही चुकीचा संदेश दाखवून थांबतात, तर काही गुपचूप पुढच्या नमुन्याकडे वळतात. आपले सॉफ्टवेअर यातले कोणते, हे आधी कोणी तपासलेले नसते.

यावरचा उपाय दोन टप्प्यांचा आहे. यंत्राने फाइल नेहमी स्वतःच्या संगणकावरच्या लोकल फोल्डरमध्ये टाकावी. ती तेथून शेअर्ड फोल्डरमध्ये नेण्याचे काम दुसऱ्या, स्वतंत्र प्रोग्रॅमकडे द्यावे. नेटवर्क गेले तर फाइल लोकल फोल्डरमध्ये साचतील, आल्यावर रांगेने निघतील. टपालपेटीत पत्र टाकणाऱ्याला टपालगाडी उभी आहे का, हे पाहावे लागत नाही, तसेच हे.

फोल्डरची मांडणी कशी करावी?

सरकारी कार्यालयात पाऊल ठेवलेल्या प्रत्येकाला आवक-जावक नोंदवही ठाऊक असते. आलेला कागद आवकमध्ये, गेलेला जावकमध्ये, प्रत्येकाला क्रमांक आणि तारीख. फोल्डरच्या मांडणीलाही हीच रीत उत्तम लागू पडते.

पाठवणाऱ्या संगणकावर दोन लोकल फोल्डर करावेत : ‘जावक’ आणि ‘पाठवलेले’. यंत्र फाइल जावकमध्ये टाकते. ती पलीकडे नीट पोहोचल्याची खात्री झाली की पाठवलेलेमध्ये सरकते. म्हणजे जावक फोल्डर रिकामा दिसणे हीच सगळे ठीक असल्याची खूण. त्यात फाइल साचू लागल्या तर कुठेतरी अडले आहे, हे नवख्या माणसालाही दिसते.

घेणाऱ्या संगणकावरच्या शेअर्ड जागेत चार फोल्डर लागतात : ‘उतरवणे’, ‘आवक’, ‘नोंदलेले’ आणि ‘अडकलेले’. पहिल्याचे काम पुढे येईल. रिपोर्टचे सॉफ्टवेअर आवकमधली फाइल उचलते, नोंद झाली की ती नोंदलेलेमध्ये टाकते. वाचता न आलेली फाइल अडकलेलेमध्ये जाते. हा शेवटचा फोल्डर नसेल तर बिघडलेली एक फाइल आवकच्या तोंडाशी बसून मागच्या सगळ्यांना रोखते, किंवा पुसली जाऊन कायमची हरवते.

फाइलच्या नावातही शिस्त हवी. रुग्णाच्या नावाने फाइल ठेवणे सोपे वाटते. पण एकाच नावाचे दोन रुग्ण एकाच दिवशी येतात आणि दुसऱ्याची फाइल पहिल्याच्या फाइलवर बसते. शिवाय नावासकट फाइल नेटवर्कवर सर्वांना दिसते, ते वेगळेच. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, त्यानंतर लॅबचा नमुना क्रमांक आणि शेवटी अनुक्रमांक, अशी रचना ठेवली तर फाइल आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात आणि मधला एखादा क्रमांक गायब असेल तर तो लगेच दिसतो. जुनी यंत्रे आणि सॉफ्टवेअर देवनागरी नावांवर अडखळू शकतात. त्यामुळे प्रत्यक्षात फोल्डर आणि फाइलची नावे रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता ठेवणे सुरक्षित.

अर्धवट फाइलचा धोका काय?

फाइल पोहोचायला वेळ लागतो. शेअर्ड फोल्डरवर नजर ठेवून बसलेला प्रोग्रॅम मात्र नाव दिसताच ती उचलायला धावतो. मोठी फाइल निम्मीच उतरली असताना उचलली गेली तर अर्धा रिपोर्ट नोंदला जातो. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये हे जास्त धोक्याचे, कारण अर्धी यादीही पूर्ण यादीसारखीच दिसते.

छपाईच्या धंद्यात ही अडचण जुनीच आहे. छापखान्यांत ‘हॉट फोल्डर’ वापरतात. तयार पानाची पीडीएफ त्यात टाकली की पुढची यंत्रणा ती उचलून छपाईच्या प्लेटच्या तयारीला लागते. पीडीएफ पूर्ण उतरण्याआधीच उचलली गेली, तर पान अडते किंवा चुकीचे उमटते.

उपाय साधा आहे. फाइल आधी उतरवणे या फोल्डरमध्ये येऊ द्यावी. तिथे कोणताही प्रोग्रॅम पाळत ठेवत नाही. ती पूर्ण आली की मगच आवकमध्ये सरकवावी. एकाच डिस्कवर फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात सरकवताना आतला मजकूर हलत नाही, फक्त पत्ता बदलतो. म्हणून हे काम एका क्षणात होते आणि आवकमध्ये फाइल दिसते ती पूर्णच दिसते. लिनक्सवर प्रचलित असलेले ‘आरसिंक’ हेच काम स्वतःहून करते. ते आधी तात्पुरत्या नावाने फाइल लिहिते आणि पूर्ण झाल्यावर खरे नाव देते.

परवानगी कोणाला, किती?

लहान कार्यालयांत सर्वाधिक चूक इथे होते. शेअर्ड फोल्डर उघडत नाही म्हणून कोणीतरी ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ देते, काम चालू होते आणि ते तसेच राहते. विंडोजमध्ये परवानगीचे दोन थर असतात. एक शेअरचा आणि दुसरा डिस्कवरच्या फोल्डरचा. नेटवर्कवरून येणाऱ्याला या दोन्हींपैकी जी परवानगी कमी असेल, तीच लागू होते. एकीकडे पूर्ण मुभा देऊनही फाइल लिहिता येत नाही, याचे कारण बहुतेक वेळा दुसऱ्या थरात सापडते.

फाइल नेण्याच्या कामासाठी वेगळे वापरकर्ता खाते काढावे. कोणा कर्मचाऱ्याचे किंवा मालकाचे खाते त्यासाठी वापरू नये. या खात्याला उतरवणे आणि आवक एवढ्याच फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी द्यावी. नोंदलेले आणि बाकीची डिस्क त्याच्यासाठी बंद असावी. संगणकाचा ॲडमिनिस्ट्रेटर पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवणे म्हणजे घराची किल्ली दारालाच लटकवणे.

रुग्ण, ग्राहक किंवा करदात्यांची माहिती असेल तर प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय न योजणाऱ्यांना २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

फाइल नेण्याचे काम कोण करते?

विंडोजमध्ये ‘टास्क शेड्युलर’ आणि ‘रोबोकॉपी’ ही जोडी आधीपासूनच असते, वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. दर पाच मिनिटांनी शेड्युलर छोटी स्क्रिप्ट चालवतो आणि रोबोकॉपी फाइल नेते. ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये आणलेले आरसिंक लिनक्सवर हेच काम करते आणि फाइलचा बदललेला भागच पाठवू शकते. दोन गावांतल्या शाखा जोडायच्या असतील तर ‘सिंकथिंग’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात एखादा फोल्डर ‘फक्त पाठवणारा’ किंवा ‘फक्त घेणारा’ असा ठरवता येतो.

रोबोकॉपीचे तीन बारकावे माहीत नसल्याने अनेकांची फसगत होते. पहिला बारकावा निकालाच्या आकड्याचा. बहुतेक प्रोग्रॅममध्ये शून्य म्हणजे यश आणि बाकी सगळे अपयश. रोबोकॉपीत शून्य म्हणजे नवे काही नेण्यासारखे नव्हते, एक म्हणजे फाइल नीट गेल्या. आठ किंवा त्यापुढचा आकडा आला तरच काहीतरी चुकले. त्यामुळे शेड्युलरमध्ये एक दिसला की लोक घाबरतात आणि रोज शून्य दिसत राहिले तर निर्धास्त होतात. यंत्राने नव्या फाइल देणेच बंद केले असेल, तरीही शून्यच येतो.

दुसरा बारकावा पुन्हा प्रयत्न करण्याचा. काहीही न सांगितल्यास रोबोकॉपी अडलेल्या फाइलसाठी १० लाख वेळा प्रयत्न करते आणि दोन प्रयत्नांमध्ये ३० सेकंद थांबते. हिशेब केला तर एका अडलेल्या फाइलपायी ती जवळपास ३४७ दिवस ‘चालू’ दिसू शकते. हे आकडे तीन प्रयत्न आणि दहा सेकंद असे कमी करून ठेवावेत.

तिसरा बारकावा सर्वात महागात पडणारा. ‘मिरर’ हा पर्याय दिला की मूळ फोल्डरमध्ये नसलेली प्रत्येक फाइल पलीकडूनही पुसली जाते. मूळ फोल्डर चुकून रिकामा झाला, तर पुढच्या फेरीत पलीकडचाही रिकामा होतो. आवक-जावकच्या कामासाठी हा पर्याय वापरूच नये.

ही व्यवस्था हमखास कुठे बंद पडते?

पहिले ठिकाण म्हणजे ड्राइव्हचे अक्षर. शेअर्ड फोल्डरला ‘झेड ड्राइव्ह’ असे नाव दिले की हाताने काम करताना तो छान उघडतो. हे अक्षर मात्र लॉगिन केलेल्या माणसापुरते असते. रात्री कोणी लॉगिन नसताना चालणाऱ्या कामाला झेड ड्राइव्ह दिसतच नाही. म्हणून स्क्रिप्टमध्ये अक्षराऐवजी दोन तिरक्या रेघांनी सुरू होणारा, संगणकाच्या नावासह पूर्ण पत्ता द्यावा.

दुसरे ठिकाण पासवर्ड. शेड्युलरमध्ये साठवलेला पासवर्ड खात्याचा पासवर्ड बदलल्यावर आपोआप बदलत नाही. ज्या दिवशी कार्यालयात पासवर्ड बदलण्याची मोहीम होते, त्याच रात्रीपासून फाइल थांबतात.

तिसरे ठिकाण अपडेट. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून शेअर्ड फोल्डरशी बोलताना एसएमबीची डिजिटल सही सक्तीची झाली आणि प्रो आवृत्तीत पासवर्डविना पाहुणा म्हणून आत जाण्याची वाट बंद झाली. जुनी नॅस किंवा ‘स्कॅन टू फोल्डर’ करणारे जुने झेरॉक्स मशीन अपडेटनंतर अचानक रुसते, ते अनेकदा यामुळेच. अशा वेळी सुरक्षा सैल करून जुने यंत्र चालू करण्याचा मोह होतो. त्याआधी यंत्राचे स्वतःचे अपडेट मिळते का, हे पाहणे शहाणपणाचे.

चौथे ठिकाण संगणकाचे घड्याळ. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला की वीज गेल्यावर तारीख मागे जाते. नवी कोणती आणि जुनी कोणती हे तारखेवरून ठरवणारे प्रोग्रॅम मग गोंधळतात. सेल बदलायला फारसा खर्च येत नाही, पण कारण सापडायलाच आठवडा जातो.

शेअर्ड फोल्डरमध्ये प्रत आहे, म्हणजे बॅकअप झाला का?

नाही. जो फोल्डर सतत जोडलेला असतो, त्यात बिघाडही सतत पोहोचू शकतो. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने जगभर हाहाकार उडवला, तो एसएमबीच्या पहिल्या, जुनाट आवृत्तीतील त्रुटीतून पसरला. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा उपाय १४ मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी दिला होता. ज्यांनी अपडेट केले नव्हते, ते सापडले. त्याच वर्षी २७ जूनला आलेल्या ‘नॉटपेट्या’ने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातले संगणक ठप्प केले. त्याचा फटका नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातील या समूहाच्या टर्मिनललाही बसला.

खंडणीखोर व्हायरस संगणकात शिरला की त्या संगणकाला ज्या शेअर्ड फोल्डरमध्ये लिहिता येते, तिथल्या फाइलही तो कुलूपबंद करू शकतो. म्हणूनच परवानगी कमीत कमी ठेवण्याचा मुद्दा इथे पुन्हा महत्त्वाचा ठरतो. बॅकअपसाठी दिशा उलटी ठेवावी. लॅबच्या संगणकाने बॅकअपच्या पेटीत फाइल ढकलण्याऐवजी पेटीनेच येऊन फाइल ओढून न्याव्यात. मग लॅबच्या संगणकाला त्या पेटीत शिरण्याची परवानगीच लागत नाही. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रॉग यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१ हा नियमही लक्षात ठेवण्याजोगा : माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातील एक दुसऱ्या जागी.

माहिती पोहोचली, हे कळणार कसे?

बहुतेक कार्यालयांत उत्तर एकच असते : काही चुकले तर ईमेल येईल. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. बॅकअप शोधायला गेल्यावर ती जागा रिकामी आढळली. बॅकअपचे काम कित्येक दिवस अपयशी होत होते. तशा सूचनेचे ईमेलही निघत होते, पण ते ईमेलच्या पडताळणीत नाकारले जात असल्याने कोणाच्याच इनबॉक्समध्ये येत नव्हते. दुसऱ्या एका कामासाठी सहा तास आधी हाताने घेतलेली प्रत होती म्हणून नुकसान सहा तासांच्या माहितीवर थांबले. कंपनीने हे सगळे स्वतःच जाहीर केले.

यातून निघणारा नियम असा : अपयशाची बातमी येण्याची वाट पाहू नये, यशाची बातमी रोज आली पाहिजे. संध्याकाळी ठरलेल्या वेळी एक ओळ यावी, ‘आज १८२ पाठवल्या, १८२ नोंदल्या, अडकलेल्या शून्य’. ज्या दिवशी ही ओळ आली नाही, त्या दिवशी फोन उचलायचा. अशा ओळीसाठी मोठे सॉफ्टवेअर लागत नाही. पाठवलेले आणि नोंदलेले या फोल्डरमधल्या त्या दिवसाच्या फाइल मोजणारी चार-पाच ओळींची स्क्रिप्ट पुरते.

फाइल मोजल्या तरी एक पायरी उरते. ब्रिटनमध्ये फाइल पोहोचत होत्या, आतल्या ओळी गळत होत्या. त्यामुळे एका फाइलमध्ये अनेक रुग्ण असतील तर पाठवणाऱ्याने फाइलच्या शेवटी ‘एकूण इतक्या नोंदी’ असे लिहावे आणि घेणाऱ्याने स्वतः मोजलेला आकडा त्याच्याशी जुळवावा. बँकेत पैसे भरताना स्लिपवर नोटांची संख्या लिहितात आणि रोखपाल पुन्हा मोजतो, त्यातला अर्थ हाच. आकडा जुळला नाही तर फाइल अडकलेलेमध्ये जावी आणि माणसाने ती पाहावी.

मोबाइलमध्येही हेच चालते का?

अगदी हेच. फोनमधला कॅमेऱ्याचा फोल्डर हा लोकल, तर गुगल फोटोजसारख्या सेवेतली जागा हा पलीकडचा फोल्डर. फोटो आपोआप जातात आणि घरोघरी तोच गैरसमज होतो. बॅकअप सुरू असताना या ॲपमधून फोटो पुसला तर तो फोनमधून आणि खात्यातून, दोन्हीकडून जातो. कचरापेटीत तो ६० दिवस मिळतो, पुढे नाही. ‘फ्री अप स्पेस’ हा पर्याय वेगळा आहे. तो बॅकअप झालेलेच फोटो फक्त फोनमधून काढतो.

दुसरी गोष्ट अधिक लोकांना चटका लावते. सुरुवातीला बॅकअप होतो तो कॅमेऱ्याच्या फोल्डरचा. व्हॉट्सॲपवर आलेले लग्नाचे फोटो किंवा कागदपत्रांचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि तो फोल्डर सेटिंग्जमध्ये जाऊन हाताने निवडावा लागतो. फोन हरवल्यावर हे कळून उपयोग नसतो. शिवाय बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली अनेक फोन मागे चालणारी ॲप थांबवतात. त्यामुळे ॲप उघडून शेवटचा बॅकअप कधी झाला, हे अधूनमधून पाहिलेले बरे.

सुरुवात कुठून करावी?

व्यवस्था आधीच चालू असेल तर एक साधी चाचणी पुरेशी आहे. कामाच्या दिवशी, गर्दी नसलेल्या वेळी, पाठवणाऱ्या संगणकाची नेटवर्कची वायर काढावी आणि घड्याळ पाहावे. काही बिघडले आहे, हे कोणाच्या लक्षात यायला किती वेळ लागतो? दहा मिनिटांत कोणी विचारले तर व्यवस्था ठीक. संध्याकाळपर्यंत कोणीच विचारले नाही, तर ज्या दिवशी वायर खरोखर निघेल, त्या दिवशीही कोणी विचारणार नाही.

नंतर वायर पुन्हा लावावी. जावकमध्ये साचलेल्या सगळ्या फाइल आपोआप निघाल्या का आणि नोंदलेलेमधला आकडा जुळला का, हे बोटाने मोजून पाहावे. एखादी कमी भरली, तर तो रिपोर्ट कोणाचा होता, हे शोधण्यापासून कामाला लागावे.